परकी म्हणता ती हिमरू

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका हस्तकला प्रदर्शनात एक फॅशन डिझायनर बाई हिमरूची शाल हातात धरून म्हणाल्या, "किती वेगळं, किती गूढ! मला यातून प्रेरणा मिळते." शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मोगलाई आहे हो ते. आपली ती पैठणी." दोघंही शाल न घेता पुढे गेले. मला दोघांचाही राग आला.

आधी गृहस्थांचं बघू. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा हे विणकर इकडे आले असं सांगतात. म्हणजे जवळजवळ सातशे वर्षं झाली. अजून किती वर्षांनी माणूस इथला होतो? हिमरूच्या नक्षीत अजिंठ्याचं कमळ आहे, डाळिंब आहे आणि अननसही आहे. अननस तर पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणला! आणि ज्या पैठणीला तुम्ही 'आपली' म्हणता, तिलाही मोगल आणि निजाम दरबाराचा आश्रय होता. दुकानदार ते सांगत नाही, एवढंच.

आता बाईंची प्रेरणा. हिमरू हीसुद्धा नक्कलच आहे. हा शब्द फारसीतून आला, अर्थ 'सारखं दिसणारं'. सोन्याचांदीच्या जरीचं किनखाब ज्यांना परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी विणकरांनी सूत आणि रेशमात तोच थाट उभा केला. तेव्हा नक्कल करू नका असं मी म्हणत नाही. पण त्या नकलेसाठी विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला, वर बसलेला पोरगा नक्षीच्या दोऱ्या ओढत राहिला, खालून धोटा फिरत राहिला. तुम्ही मोबाईलवर फोटो काढता, पॉलिस्टरवर छापता आणि त्याला प्रेरणा म्हणता. २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र ओरडला. बरोबरच होतं. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय मानांकन आहे आणि शेवटी कंपनीला तिचं मूळ मान्य करावं लागलं. पण यंत्रावरची शाल हातमागाची हिमरू म्हणून पर्यटकाच्या गळ्यात मारली जाते, तेव्हा तोच महाराष्ट्र गप्प असतो.

आणि आपण मुसलमान? 'मशरू' म्हणजे शरीयतने परवानगी दिलेलं. पुरुषाने रेशीम घालायचं नाही, म्हणून विणकराने अंगाला लागेल ते सूत आणि बाहेर दिसेल ते रेशीम असं कापडच विणलं. धर्माच्या अटीतून इतकी देखणी वाट काढणाऱ्यांचे आपण वारस! आणि निकाहला घालतो काय, तर भाड्याची चकचकीत शेरवानी. आजोबांची हिमरूची अचकन पेटीत कुजते. मशिदीच्या रंगावरून आपण भांडू, पण मागासाठी कुणी वर्गणी काढल्याचं मी तरी पाहिलं नाही.

त्या दिवशी शाल मी घेतली. स्टॉलवरच्या चाचांना विचारलं, मुलगा माग चालवतो का? घडी घालता घालता म्हणाले, "नै बेटा, वो कंपनी में है. तनखा टैम पे मिलती."