यंत्रात कोयत्याचाही वाटा



दिवाळीचा फराळ अजून डब्यात असतो, तोवर बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली गावे रिकामी व्हायला लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, बाजरीची पोती, सरपण, एखादी शेळी आणि शाळा अर्धवट सोडलेली पोरे. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम उसाच्या फडालगतच्या कोपीत. नवरा-बायको मिळून हिशेबात एकच ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्याने फेडायची असते.

‘शेती आणि यंत्र’ हा यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ठरला तेव्हा आम्हाला आधी ही माणसे आठवली. कारण आता फडात ऊसतोडणी यंत्र उतरले आहे. ते ऊस बुडख्याशी कापते, त्याची कांडी करते, पाचट पंख्याने उडवते आणि शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत माल टाकते. एक कोयता दिवसभर राबून दीड-दोन टन तोडतो; यंत्र दिवसाला शंभर टनांच्याही पुढे जाते. ऊस वाळत चालला तरी तोड मिळत नाही म्हणून तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागे फिरणाऱ्या शेतकऱ्याला ते हवेच आहे.

आम्हालाही ते हवे आहे. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या कष्टाचे गोडवे गाण्यात काही अर्थ नाही. कामावर न आल्यास खाड्याचा दंड बसतो, पाळीच्या दिवसांतही सुट्टी नसते. अशा जगण्यात बीडच्या कित्येक ऊसतोड बायकांनी ऐन तारुण्यात गर्भाशय काढून टाकले. त्याच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. असे काम यंत्राने केले तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

महाराष्ट्राला अवजारांचे वावडे कधीच नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी गेल्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांना धास्ती होती. नांगरट पाहिली, पीक पाहिले आणि धास्ती गेली. पण तो नांगर शेतकरी स्वतः विकत घेऊ शकत होता. तोडणी यंत्राची किंमत कोटीच्या घरात आहे. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार राज्यातले सरासरी वहितीक्षेत्र १.३४ हेक्टर. एवढ्या तुकड्यात यंत्र नीट वळतही नाही. त्यासाठी सरी रुंद लागते. सरकारी अनुदान असले, तरी उरलेली रक्कम उभी करण्याची ऐपत ज्याची, यंत्र त्याच्याच दारात. ज्याचा कोयता सुटला, त्याच्या वाट्याला काय?

याचे उत्तर याच मातीत एकदा सापडलेले आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी छोट्या शेतकऱ्यांचे भागभांडवल एकत्र करून सहकारी साखर कारखाना उभा केला. एकट्याला न पेलणारे यंत्र शेकडो जणांना मिळून पेलते, हे तिथे सिद्ध झाले. त्या सहकारात ऊस पिकवणारा मालक झाला. ऊस तोडणारा मात्र बाहेरच राहिला. ती चूक आता दुरुस्त करता येईल. तोडणी मजुरांच्या गटांना यंत्रखरेदीत प्राधान्य मिळाले पाहिजे. त्यांच्या मुलामुलींना यंत्र चालवण्याचे, दुरुस्तीचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे. या कामाला हात घालण्याची जबाबदारी त्याचीच. आणि गटाच्या भागपत्रावर बाईचे नाव हवे, कारण अर्धा कोयता तिचा होता.

या अंकात शेतकरी, यंत्रचालक आणि फडावरच्या बायका यांचे अनुभव आहेत. मळणी यंत्रात हात गमावलेल्यांची कैफियत आहे, तशी गावातल्या अवजार बँकेने तारलेल्या कुटुंबांचीही हकिगत आहे. कथा-कविता नेहमीप्रमाणे आहेतच. 

वाचकहो, तुमच्यापैकी अनेक जण साखर कारखान्याचे सभासद आहेत. पुढच्या वार्षिक सभेत तोडणी यंत्राचा विषय निघेल, तेव्हा एक प्रश्न आवर्जून विचारा : या यंत्रात तोडणी मजुराचा वाटा किती? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.



— संपादक