ज्याचा त्याचा लेखक

राजमाची मावळातल्या माणसाला परकी नाही. तरीही गो. नी. दांडेकरांची १९५८ सालची ‘माचीवरला बुधा’ हाती दिली, की वडगावातलेच दोन वाचक दोन तऱ्हांनी वागतात. एकजण रात्र जागून ती संपवतो. दुसरा विसाव्या पानात खूण घालून ठेवतो आणि ती खूण तिथेच राहते. मुंबई सोडून गडाच्या माचीवर एकटा राहायला आलेला म्हातारा, त्याचं खोपटं, भोवतीचं रान, वारा, पाऊस. घडामोडी थोड्याच. पुढे काय झालं याची ज्याला घाई, तो इथे रमत नाही. ज्याच्या घरातलं कुणी मुंबईत उमेद घालवून गावाकडे डोळे लावून बसलं होतं, त्याला मात्र बुधा समजावून सांगावा लागत नाही.

दोघांपैकी कमी वाचक कुणीच नाही. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण आपल्याकडे वाचनाची उतरंड लावायची खोड जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या मागे धावता धावता कित्येकांना पुस्तकाची गोडी लागली. पण आवडते लेखक विचारले, की त्यांतलेच अनेकजण अर्नाळकरांचं नाव गिळून टाकतात. हा संकोच जावा, असं या अंकाच्या संपादकांना मनापासून वाटतं.

लेखक आपलासा होण्यात मुलखाचा वाटा असतो. दांडेकर तळेगाव दाभाड्यात राहिले. त्यांची ‘पवनाकाठचा धोंडी’ आली १९५५ साली, तेव्हा पवना धरण झालेलं नव्हतं. पवन मावळातल्या आजच्या वाचकाला तुंगचा हवालदार धोंडी भेटतो तो पाण्याखाली जाण्याआधीच्या खोऱ्यात. पुण्यातला वाचक जिथे वर्णन वाचतो, तिथे हा वाचक आजोबांची शेतं आणि पायवाटा शोधत असतो.

पण नुसत्या मुलखाने भागत नाही. महाराष्ट्राला हसवणाऱ्या पु. ल. देशपांड्यांना स्वतःला ओढ होती रवींद्रनाथांची. पन्नाशीच्या सुमारास ते बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले. हेमिंग्वेचा एकाकी म्हातारा त्यांनी ‘एका कोळियाने’मधून मराठीत आणला. त्याच घरातून सुनीताबाई धारवाडला जी. ए. कुलकर्णींना पत्रं लिहीत होत्या. ती पुढे ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात आली. जीएंच्या कथांतलं प्राक्तन विशीत अनेकांना जड जातं. घरातलं माणूस गेल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर, तेच पुस्तक पुन्हा उघडलं जातं आणि खाली ठेववत नाही. पुस्तकातलं अक्षरही बदललेलं नसतं.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी अंक घरातल्या साऱ्यांसाठी निघत आला आहे. वाचनालयातून एकेक अंक थेट शिमग्यापर्यंत घरोघर फिरतो. परत येतो तेव्हा कुठली पानं हाताळून मऊ पडलीत आणि कुठली कोरी करकरीत राहिलीत, हे ग्रंथपालाला बघताक्षणी कळतं.

या अंकातही दीर्घकथेशेजारी रहस्यकथा आहे आणि गडवाटांवरच्या लेखानंतर कविता आहेत. वाचकांनी न रुचणारी पानं खुशाल उलटावीत. कुठे थांबलात आणि कुठे रमलात, ते मात्र जरूर कळवावं. पुढच्या वर्षी कुणाकडे लेखन मागायचं, हे त्यावरून ठरवता येईल.