सहजीवनाचे साक्षीदार

कॅनडाच्या नागरिकास किंवा तेथील कायम रहिवाशास आपल्या जोडीदाराला तेथे बोलावून घेता येते. त्यासाठी विवाह झालेलाच हवा, अशी अट नाही. २००२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार किमान एक वर्ष दांपत्यवत एकत्र राहिलेले जोडपे ‘कॉमन-लॉ पार्टनर’ म्हणून मान्यता मिळवू शकते. विवाहसंस्था कालबाह्य ठरवू पाहणाऱ्यांना यात स्वातंत्र्याचा विजय दिसतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे.

आपले नाते खरे आहे, हे विवाहितांनाही दाखवावे लागते. पण त्यांच्या हाती निदान विवाहाचे प्रमाणपत्र असते. अविवाहितांना पहिल्या दिवसापासून सारेच सिद्ध करावे लागते. संयुक्त भाडेकरार, संयुक्त बँक खाते, एकाच पत्त्यावर येणारी विजेची बिले, विम्यातील नामनिर्देशन, छायाचित्रे, शपथपत्र अशी कागदांची चळत उभी करावी लागते. १९९९ साली ‘एम. विरुद्ध एच.’ या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दांपत्यवत नात्याची जी लक्षणे मान्य केली, त्यांत एकत्र निवास आणि आर्थिक आधार यांच्या जोडीला समाज त्या दोघांकडे कसे पाहतो, हेही एक आहे. ‘आमच्या नात्यात समाजाचा काय संबंध?’ असे विचारणाऱ्यांना अखेर समाजाचीच साक्ष काढावी लागते, ती अशी.

मराठी घरांनी येथे अंतर्मुख व्हावयास हवे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेला मुलगा किंवा मुलगी तेथे कोणासोबत राहते, हे पुष्कळदा घरी ठाऊक नसते. मग पत्ते दोन दाखवले जातात, छायाचित्रे लपवली जातात. जे आईवडिलांपासून दडवले, ते अधिकाऱ्यापुढे सिद्ध करणे कठीण जाते. त्याहून गंभीर बाब अशी की, कायम वास्तव्याच्या अर्जात सोबतच्या जोडीदाराचा उल्लेख टाळून ‘अविवाहित’ लिहिले, तर त्याच जोडीदाराला पुढे बोलावण्याचा मार्ग सामान्यतः बंद होतो. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास पाच वर्षांची प्रवेशबंदी येऊ शकते. घरच्यांच्या भीतीपोटी केलेली एक खूण दोन आयुष्यांची ताटातूट करू शकते.

केवळ पाश्चात्त्यांना नावे ठेवून भागणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आवश्यक विधी झालेले नसतील, तर केवळ नोंदणीने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. परदेशाच्या व्हिसासाठी पालकांच्याच संमतीने आधी नोंदणी उरकली जाते, या प्रवृत्तीवरही न्यायालयाने बोट ठेवले. तिकडे नाते आहे आणि कागद नाही. इकडे कागद आहे आणि संस्कार नाही. दोन्हीकडे उणीव आहे ती सत्याची.

हिंदू परंपरेने विवाह अग्नी, आप्त आणि समाज यांच्या साक्षीने लावला, तो हौसेखातर नव्हे. दोघांनी घेतलेल्या उत्तरदायित्वाला जाणते साक्षीदार असावेत, संकटात दुर्बल पक्षाला आधार मिळावा, हा त्यामागील विचार होता. तेव्हा तरुणांनी नाते उघडपणे स्वीकारावे आणि विवाहाने त्याला प्रतिष्ठा द्यावी. पालकांनीही सत्य सांगणाऱ्या अपत्याला दार बंद करू नये. ज्या घरात खरे बोलण्याचे भय असते, त्या घरातील संस्कार सीमेपलीकडे टिकत नाहीत.