परशुरामाच्या आड दडलेला आळस

समुद्र चढतो आहे हे आता सहसा कोणी नाकारीत नाही. वाद उरला आहे तो कारणांचा आणि वेगाचा. या वादात आमच्यातील काही बहुश्रुत मंडळी परशुरामालाच साक्षीस बोलावतात. भार्गवाने हटविलेला सागर आपली भूमी परत मागत आहे, तेथे मनुष्याने काय करावे, असा त्यांचा युक्तिवाद. सह्याद्रिखंडाचा उपयोग आळसाच्या समर्थनार्थ व्हावा, हे नवलच! ज्या कथेत भार्गव धनुष्य घेऊन समुद्रासमोर उभा राहतो, ती हात जोडून बसण्याची कथा कशी ठरते?

दुसरे म्हणतात, समुद्र नेहमीच खालीवर होत आला. खरे आहे. गेल्या हिमयुगाच्या अखेरीपासून तो सुमारे १२० मीटर चढला. परंतु ही चढण काही सहस्र वर्षांपूर्वी जवळजवळ थांबली आणि त्या स्थैर्याच्या भरवशावरच आपली खाजने व बांध उभे राहिले, एवढे मात्र ते सोयीस्करपणे विसरतात. १९०१ ते १९७१ या काळात जगातील समुद्र वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटर चढत होता. २००६ ते २०१८ मध्ये ३.७. हा वेग निसर्गाच्या लहरीचा नव्हे. कोळसा आणि तेल जाळून माणसाने पृथ्वी तापविली. तापलेले पाणी फुगते आणि जमिनीवरील हिम वितळून त्यात भर घालते.

उलट बाजूसही एक लबाडी आहे. बांध फुटला की बोट समुद्राकडे! वर्षाला तीनचार मिलिमीटर चढणारे पाणी एका रात्रीत बांध फोडीत नाही. तो फुटतो वर्षानुवर्षे माती न घातल्याने, खनिजवाहू बार्जेसच्या लाटांनी झिजल्याने, आणि कधी मासळीच्या लोभानेही.

खरी गोम मानशीत आहे. भरतीच्या दाबाने तिचे लाकडी दार आपोआप मिटते. ओहोटीला आतले पाणी ते ढकलून बाहेर पडते. ओहोटीची पातळीच वर सरकली, की दार उघडे राहण्याचा वेळ घटतो आणि पावसाचे पाणी शेतातच तुंबते. म्हणजे बांध शाबूत राहूनही खाजन बुडू शकते. एके काळी याच खाजनांच्या उत्पन्नातून गावकऱ्या देवळांचा खर्च चालवीत. आज देवळाच्या शिखरासाठी वर्गणी सहज जमते. मानशीचे दार बदलावयाचे म्हटले, की मंडळी सरकारकडे पाहू लागतात.