टपालाची कलमे आणि त्यांचा गिऱ्हाईक

मृग जवळ आला की फळझाडांच्या जाहिरातींस ऊत येतो. पूर्वी त्या वर्तमानपत्राच्या रकान्यांत असत. हल्ली शेतकऱ्याच्या हातातील फोनवर झळकतात. दोन वर्षांत लगडणारा हापूस, बारमाही आंबा, कुंडीत पिकणारे अंजीर! महाड व पोलादपूर तालुक्यांतील ज्या वरकस जमिनीच्या धन्याचा मुलगा मुंबईस चाकरी करून चार पैसे धाडतो, त्यास या चित्रांनी भुरळ पडावी यात नवल ते काय? भाताने पोट भरते, पण गाठीस काही उरत नाही. उताराची जमीन फळास आणावी ही त्याची इच्छा सर्वस्वी रास्त आहे, आणि म्हणूनच तिचा बाजार मांडणारांविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

टपालाने माल मागविण्याची चाल नवी नव्हे. व्ही. पी. ची सोय हिंदुस्थानात १८७७ साली झाली. तीत निदान पुडके हाती आल्यावाचून पैसा जात नसे. आता बहुधा पैसा आधी जातो आणि झाड मागाहून येते. येते तेही कसे? लागवडीचा हंगाम तोच वरंधा व आंबेनळी घाटांत दरडी कोसळण्याचा हंगाम. वाट बंद पडली की देशावरून निघालेले पुडके वाटेतच कुजत राहते. ते गावी आले तरी डोंगरातील वाडीपर्यंत कोण पोहोचविणार? मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटलेला, पाने काळवंडलेली, अशी काठी हाती पडते. आणि तक्रार केली असता उत्तर मिळते की, आम्ही जिवंत झाड धाडले होते.

तथापि मेलेले कलम हे लहान दुःख होय. ते त्याच पावसाळ्यात कळते. खरे दुःख जगलेल्या कलमाचे. दीड हाताच्या रोपाकडे पाहून हा हापूस की रायवळ हे जाणत्यासही सांगणे कठीण. गडी कुंपण घालतो, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी वाहतो, वणव्यापासून राखतो. आणि चौथ्या-पाचव्या वर्षी झाडास लागतो तो तंतुमय आंबट आंबा. दहा मीटरांच्या अंतराने एकरी चाळीस झाडे बसतात. त्या चाळीस झाडांमागे गेलेली पाच वर्षे कोणती रोपवाटिका परत करणार आहे?

येथे विक्रेत्यावरही अन्याय होऊ नये. पुष्कळदा डोळकाडी वाटेत वा शेतात मरते आणि जोडाखालच्या खुंटास फूट येते. मालकास वाटते झाड सावरले. वस्तुतः वाढत असतो तो खुंट. जोडाखालची फूट वेळीच खुडावी, हे गिऱ्हाइकास सांगितलेच पाहिजे. कलमासोबत मराठीत छापलेली एक चिठ्ठी धाडण्यास असा काय खर्च येतो?

कायदा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. फळरोपवाटिकांसाठी महाराष्ट्राने १९६९ सालीच कायदा केला. त्यान्वये परवाना लागतो आणि खुंट व डोळकाडी कोठून आणली याची नोंद ठेवावी लागते. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने गिऱ्हाइकास आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. म्हणजे विक्रेता कोठलाही असो, पोलादपूरकरास अलिबागचा आयोग पुरे, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्यास शुल्कही नाही. परंतु त्याच कायद्यात एक खोच आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे. विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगास आहे खरा; पण ती माफी मागत बसावे लागते. कारण घडले केव्हा, कलम विकले तेव्हा की फळ धरले तेव्हा, यावर वकिलांनी वाद घालावा आणि शेतकऱ्याने अलिबागच्या खेपा घालाव्या! आंब्यास फळ येण्यास चार-पाच वर्षे लागतात हे पोरासही ठाऊक आहे. ते कायद्यास ठाऊक नसावे काय? कलमांच्या बाबतीत ही मुदत पहिल्या फळापासून मोजावी, अशी स्पष्ट तरतूद झाली पाहिजे.

ती होईपर्यंत कृषिखात्याने निदान एवढे करावे की, परवानाधारक रोपवाटिकांची यादी दरवर्षी मे महिन्यात महाड व पोलादपूर येथील आपल्या कचेऱ्यांच्या दारावर लावावी, आणि परवान्याचा क्रमांक न देता जाहिरात करणारांस जाब विचारावा. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या उशाशी आहे. ‘रत्ना’ व ‘सिंधू’ हे आंबे कोकणातल्याच संशोधनातून निघाले. त्यांची कलमे अनोळखी माणसाकडून चित्र पाहून का घ्यावी? वाडीतील दहा घरांनी मिळून एक टेंपो केला, तर झाड डोळ्यांनी पाहून, जोड हाताने चाचपून आणता येते.

ज्यांनी यंदा आधीच पैसे धाडले आहेत त्यांनी पावती, जाहिरात व आलेल्या पुडक्याचे छायाचित्र जपून ठेवावे. आणि पावतीवर जातीचे नाव नसेल तर ते आजच लिहून मागवावे.