‘त्यू फे क्वा?’

मुंबईतील व्यापारी घरांतील पुष्कळ मुले अकरावी-बारावीस फ्रेंच घेतात. गुण चांगले पडतात, हे त्याचे उघड कारण. पुढे शिक्षणासाठी वा जवाहिरीच्या व्यवसायासाठी पॅरिस, जिनिव्हा किंवा ब्रसेल्स गाठल्यावर मात्र पुस्तकी भाषा अपुरी पडू लागते. (अँटवर्पची भाषा डच आहे, हे ध्यानात असावे.)

ही अडचण जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी खंभातचे जवाहीर जीवनचंद उत्तमचंद यांना पॅरिसमध्ये दुभाषी लागला. ते काम सरदारसिंह राणा यांनी केले आणि पुढे ते स्वतःच मोत्यांचे व्यापारी झाले. सावरकरांना लंडनला नेणारी शिवाजी शिष्यवृत्ती याच राणांच्या देणगीची. परंतु दुभाषी सौद्यास उपयोगी. संध्याकाळच्या गप्पांना त्यास सोबत कोण नेणार?

‘आज संध्याकाळी काय करतोस?’ हाच प्रश्न पाहावा. पुस्तकी रूप ‘क फे-त्यू स स्वार?’ असे आहे. ते शुद्ध खरे, पण वर्गमित्रास असे विचारणे म्हणजे त्याच्यापुढे अर्ज वाचणे. ‘केस्क त्यू फे स स्वार?’ हे कोठेही चालते. मित्रमंडळींत मात्र ‘त्यू फे क्वा स स्वार?’ हेच ऐकू येते. यात ‘काय’ या अर्थाचा ‘क्वा’ क्रियापदानंतर येतो. मराठीत ‘तू करतोस काय?’ म्हटले की जाब विचारल्यासारखे होते. फ्रेंचमध्ये त्याच रचनेत जवळीक असते.

‘त्यू’ म्हणजे तू, ‘वू’ म्हणजे तुम्ही. ग्राहकास, वडीलधाऱ्यांस ‘वू’च योग्य. समोरच्याने ‘ऑं स त्यूत्वा?’, म्हणजे ‘अरे-तुरे करू या का?’ असे विचारीपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

खरी कसोटी पुढे आहे. हा प्रश्न चौकशीचा नसून बहुधा आमंत्रणाची नांदी असतो. नवखा मुलगा प्रामाणिकपणे ‘रियँ’, काही नाही, म्हणतो. लगेच ‘ऑं प्राँ अं व्हेर?’ असे येते. शब्दशः अर्थ ‘एक ग्लास घेऊ या’. मद्याची कल्पना येऊन तो ‘नॉं’ म्हणतो. मित्रास मात्र आपली सोबतच नको असे वाटते. दोनदा असे झाले की तो विचारणे सोडतो. वास्तविक त्या ग्लासात फळांचा रस असला तरी कोणी भुवई उंचावीत नाही. ‘आव्हेक प्लेझीर’, आनंदाने, असे म्हणावे आणि रस मागवावा.

चौविहार पाळणाऱ्यांस मात्र घड्याळ पाहावे लागते. जूनमध्ये पॅरिसचा सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. तेथील आठचे जेवणही सूर्यास्तापूर्वी सहज आटोपते. डिसेंबरात तो पाचच्या आतच मावळतो. मग संध्याकाळचे निमंत्रण पाण्याच्या घोटासही निरुपयोगी. अशा वेळी नुसता नकार न देता ‘प्ल्यूतो आ मिदी?’, त्यापेक्षा दुपारी भेटू या का, असे विचारता येते. फ्रेंच घरांत रविवारच्या दुपारच्या जेवणास मोठा मान आहे, आणि कंदमुळे चालत नाहीत हे यजमानास आधी सांगण्यास त्यात अवधीही मिळतो.