पोटऱ्या दुखवणारा ताप

पर्वत पाटियातून पावसाळ्यात शेतीच्या कामास जाणाऱ्या भाविकहो, सुरत, नवसारी, वलसाड जिल्ह्यांतील प्रत्येक ताप मलेरियाचा नसतो. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलातून, पायांच्या भेगांवाटे लेप्टोस्पायरोसिस शिरतो. ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे; पुढे कावीळही होते, मूत्रपिंडे निकामी होतात. तरी आपली माणसे ‘एक सुई मारा, उद्या निंदणी आहे’ असा डॉक्टरांकडेच हट्ट धरतात! वेदनाशामक सुईने दुखणे दबते, रोग नव्हे; मूत्रपिंडांवर मात्र जादा भार पडतो. भातात वा उसात काम केल्याचे डॉक्टरांस आपणहून सांगा. गर्दीत ते विचारतीलच असे नाही. वेळीच घेतल्यास डॉक्सिसायक्लीनसारखे स्वस्त औषधही गुण देते. आणि तापकरी मजुराची रोजी कापणाऱ्या मालकांना विचारावेसे वाटते, तो दवाखान्यात जाणार तरी कसा?